मीटिंगचा पत्ता आणि वस्तीची गाडी: एक प्रकरण अभ्यास

एका माणसाला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगपर्यंत पोचवण्याचं हे प्रकरण सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारी गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी लिहायला एका अटीवर परवानगी दिली: ‘माझी चूक लिवा, तुमची पण लिवा.’ म्हणून दोन्ही लिहिते. त्यांना इथे तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणते. बोटी असलेल्या गावात तांडेल पुष्कळ असतात, त्यामुळे बिघडत नाही.

मी तालुक्याच्या ठिकाणी एका छोट्या संस्थेत समुपदेशक आहे. दारूबद्दलची प्रकरणं माझ्याकडे बहुधा बायकांमार्फत येतात. हेही तसंच आलं.

पार्श्वभूमी

तांडेल ४६ वर्षांचे. वीसेक वर्षं समुद्रावर, त्यातली शेवटची नऊ बोटीचे तांडेल म्हणून. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, कोणाला किती वाटा, हे सगळं त्यांच्या शब्दावर चाले. पोरवयात माडी, मग देशी, आणि गेली काही वर्षं गोव्याची क्वार्टर. आपल्याकडे सीमा इतकी जवळ आहे की गोव्याची बाटली परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे हे लोकांना पोलिसांची नाकाबंदी दिसली तरच आठवतं.

एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. त्यांच्या बोटीवर अशी रीत होती की बोट बंदराला लागली की मालक खलाशांसाठी बाटल्या पाठवायचा आणि त्या वाटायचं काम तांडेलाचं. रोज संध्याकाळी दारू स्वतःच्या हातानं मोजून वाटणाऱ्या माणसाला आपण ‘पिऊ नकोस’ म्हणत होतो.

आधीच्या दीड-दोन वर्षांत सकाळचा हात थरथरू लागला होता. जाळं सांधायची सुई पकडायला आधी एक पेग लागायचा. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बाजारात मासे विकून घर चालवत होती. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. तो वडिलांशी बोलत नव्हता. भांडतही नव्हता, नुसता बोलत नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते. चाळीसपैकी आठ किंवा जास्त आले की पिणं धोक्याकडे झुकलंय आणि वीस किंवा जास्त आले की बहुधा शरीराला दारूची सवय जडलीय, असा ढोबळ अंदाज धरतात. तांडेलांचे २७ आले. पण ही प्रश्नावली मी भरून घेतली तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नारळ आणि फिट

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मेच्या अखेरीस होड्या वर ओढून शाकारतात आणि गाव दोन महिने मोकळं होतं. या दोन महिन्यांत पिणं वाढतं, आणि सोडायची भाषाही याच दिवसांत होते.

वहिनींनी आणि तांडेलांच्या थोरल्या भावानं त्यांना ग्रामदेवतेपुढे उभं केलं. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. तांडेलांनी शपथ घेतली आणि पाळलीही. त्या दिवसापासून थेंब नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाम, उलट्या, हात इतके कापायला लागले की चहाचा कप धरवेना. रात्री नऊच्या सुमारास फिट आली, जीभ चावली गेली, ओटीवर रक्त. घरात कोणी म्हणालं, देवाचा कोप झाला. दुसरं म्हणालं, शपथेत काहीतरी खोट राहिली.

शपथेत खोट नव्हती. ती फार काटेकोरपणे पाळली गेली, हाच धोका होता. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम, भास, ताप सुरू होऊ शकतो. त्यात माणूस दगावूही शकतो. रिक्षातून ग्रामीण रुग्णालय, तिथून रुग्णवाहिकेनं ओरोसचं मोठं रुग्णालय. तिथे सहा दिवस ठेवलं. थरथर आणि फिट आवरायच्या गोळ्या रोज थोड्या कमी करत दिल्या, आणि सुरुवातीलाच बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. दारूनं शरीरातलं बी-१ आटलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

सातव्या दिवशी तांडेल घरी आले. शुद्धीत, अशक्त आणि चिडलेले. वहिनी माझ्याकडे आल्या त्या या टप्प्यावर. त्यांचा प्रश्न सरळ होता: ‘आता पुढे काय? हॉस्पिटलानं दारू काढली, पण माणसाचं काय?’

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला असतो: पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा. वहिनींच्या माहेरून कोणीतरी ती पावडर आणूनही ठेवली होती. ती मी आधी घरातून काढायला लावली. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि माणूस त्यावर नकळत प्यायला तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर ते औषध देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करून. आमटीत कालवून नव्हे.

दुसरा मार्ग निवासी केंद्राचा. पुण्याचं मुक्तांगण सगळ्यांना ठाऊक असतं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंनी हात दिलेलं. बंदीच्या काळात महिनाभर जाणं शक्य होतं आणि मला स्वतःला हा मार्ग पसंत होता. तांडेलांनी एका वाक्यात उडवून लावला: ‘मी काय बेवडो नाय.’ ओरोसच्या सहा दिवसांनंतर परत ‘भरती’ हा शब्द त्यांना ऐकायचा नव्हता. मी ताणलं नाही. ते बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येणार नाही.

तिसरा मार्ग मीटिंगचा, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळे ए. ए. म्हणतात ती. तांडेलांचा पहिला प्रश्न: ‘कोणाची संस्था? कुठल्या पक्षाची?’ सिंधुदुर्गात हा प्रश्न गैर नाही. मी सांगितलं, १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात दोन दारुडे भेटले, एक शेअर बाजारातला, एक सर्जन. दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिलं तर आपण त्या दिवशी पीत नाही, एवढंच त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून हे वाढलं. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, अर्ज नाही, देणगी बाहेरच्याकडून घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ‘मग चालवता कोण?’ तेच, पिणारे. यावर ते थोडं हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

पण आमच्या तालुक्यात तेव्हा मीटिंग नव्हती. हायवेवरच्या गावात होती, त्यांच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. गोव्यात होत्या, बऱ्याच. फोनवरच्या होत्या, २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेल्या ऑनलाइन मीटिंगा अजून चालतात. पण तांडेलांच्या घरी रेंज पकडायला विहिरीच्या कठड्याशी जावं लागतं, आणि भर पावसात विहिरीवर उभं राहून ‘मी मद्यपी आहे’ म्हणणं म्हणजे अख्ख्या वाडीला सांगणं. तो मार्ग तिथेच मिटला.

राहिली दोन गावं, आणि इथे आमचं पहिलं खरं मतभेदाचं वळण आलं. तांडेलांना गोवा हवा होता. कारण एकच: ‘थंय कोण ओळखीचो भेटलो तर?’ ही भीती हायवेच्या गावाबद्दल. तिथे त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचं दुकान, तिथल्या मासळीबाजारात वहिनींच्या ओळखी.

आपल्याकडे अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न ‘तुमी खयचे?’ आणि दुसरा ‘कोणाचे?’ या दोन उत्तरांत गाव, वाडी, भाऊबंद, जात सगळं उघडं होतं. ‘अनॉनिमस’ म्हणजे निनावी, ए. ए.च्या नावातच निनावीपण आहे. मुंबईत ते गर्दीतच फुकट मिळतं. इथे ते मिळवायला माणूस राज्याची सीमा ओलांडायला तयार होता, हे मी तेव्हा पुरेसं समजून घेतलं नाही. मी हिशेब मांडला: गोव्याला जायला-यायला पाच-सहा तास, भाडं, आणि उतरल्या उतरल्या स्टँडसमोर दारूची दुकानं. हिशेब बरोबर होता. हायवेचं गाव ठरलं.

पहिली फेरी

ही माझी चूक. एका जुन्या यादीत त्या गावच्या मीटिंगचा पत्ता होता: एक शाळा, गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. सोबत एक फोन नंबर. नंबर लागला नाही. मी पत्त्यावर विश्वास ठेवला आणि तांडेलांना चिठ्ठीवर लिहून दिला. बरोबर गेले नाही. ‘एकट्यानं गेलात तर संकोच कमी वाटेल’ असं म्हटल्याचं आठवतं. खरं म्हणजे त्या दिवशी मला दुसरं काम होतं.

आषाढातला पाऊस. तांडेल दुपारच्या गाडीनं गेले, साडेसहाला शाळेपाशी पोचले, तर फाटकाला कुलूप. अर्धा तास छत्री धरून उभे राहिले. शाळेचा शिपाई आला आणि त्यानं विचारलंच: ‘तुमी खयचे?’ तांडेलांनी भलतंच गाव सांगितलं. शिपाई म्हणाला, ती माणसं आता गुरुवारी दुसरीकडे बसतात, कुठे ते ठाऊक नाही. रविवारी सकाळी मात्र इथेच, मागच्या खोलीत.

आणखी एक गोष्ट मी पाहिली नव्हती. त्यांच्या गावाला जाणारी वस्तीची गाडी तिथून संध्याकाळी पावणेसातला सुटते, गावात मुक्काम करते आणि सकाळी साडेसहाला परत निघते. मीटिंग वेळेवर सुरू झाली असती तरी ते तिच्यात बसून घरी जाऊ शकले नसते. कुलूपबंद फाटकासमोर उभे असतानाच ती सुटून गेली.

स्टँडला लागून बार आहे. पुढचं लिहायला नको. सकाळी वहिनींचा फोन आला, ‘रात्री घराकडे इले नाय.’

दुसरी फेरी

या वेळी तांडेलांना काही विचारण्याआधी मी माणूस शोधायला लागले. ए. ए.चं भारताचं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. तिथे विचारत विचारत सिंधुदुर्गातल्या एका जुन्या सदस्याचा नंबर मिळाला. त्यांना इथे काका म्हणते. अकरा वर्षांपासून न पिणारे. मी पूर्ण प्रकरण सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. ‘त्याचं तो सांगेल. त्याला विचारा, मी फोन केला तर चालेल का?’

तांडेल ‘बघूया’ म्हणाले. फोन झाला, चाळीस मिनिटं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढं कळलं की काकांनी पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं आणि ‘मी पण थयसूनच इलंय’ या वाक्यावर तांडेल विहिरीच्या कठड्यावर बसले. मालवणीत बोलणारा, उपदेश-व्याख्यानं न देणारा, आपल्यासारखीच क्वार्टर लपवलेला माणूस.

दोन दिवसांनी काका आणखी एका सदस्याला घेऊन आमच्या तालुक्याला आले. घरी येऊ का विचारलं तर तांडेल नको म्हणाले, म्हणून एसटी कॅन्टीनमध्ये बसले. तीन माणसं, चहा, उसळपाव. बघणाऱ्याला वाटावं बोटीच्या इंजिनाचा सौदा चाललाय. ए. ए.त ही जुनी रीत आहे: मीटिंगला येऊ न शकणाऱ्याकडे दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. बारा पायऱ्यांतली शेवटची पायरी हीच, आपल्याला मिळालं ते दुसऱ्यापर्यंत नेणं. मी मीटिंग शोधत होते. आधी मीटिंगमधला माणूस शोधायला हवा होता.

निघताना काका म्हणाले, ‘जावन तर येवया. नाय आवडला तर परत येव नको.’ रविवारचं ठरलं, सकाळी अकरा. वस्तीची गाडी साडेसहाला निघते, परतीची दुपारची गाडी तीनच्या आत घरी पोचवते. वेळापत्रकाचा प्रश्न गुरुवार सोडून रविवार धरल्यानं सुटला, इतकं ते सोपं होतं.

मधे गटारी येत होती. आषाढाच्या अमावास्येला घराघरांत कोंबड्याचा वास आणि बाटल्या. तो दिवस कसा काढायचा हे कॅन्टीनमध्येच ठरलं: तांडेल मुंबईच्या पाहुण्यांना सोडायच्या निमित्तानं कुडाळ स्टेशनला गेले आणि रात्री उशिरा परतले. दिवसभरात काकांचे चार फोन.

खोलीत

त्या रविवारची मीटिंग खुली होती, म्हणजे पिण्याचा प्रश्न नसलेल्यालाही बसता येणारी. बंद मीटिंगला फक्त ज्यांना स्वतःला तो प्रश्न आहे तेच बसतात. म्हणून वहिनी आणि मी आत जाऊ शकलो. खालच्या इयत्तेचा वर्ग, भिंतीवर मुळाक्षरं, बाकं इतकी बुटकी की दहा-बारा थोराड माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. एकेक जण नाव सांगे, फक्त पहिलं, मग ‘मी एक मद्यपी’ म्हणे आणि बोलायला लागे. मधे कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही.

तांडेलांची पाळी आली तेव्हा काकांनी सांगितलं, बोलायलाच हवं असं नाही. ते उठले, पहिलं नाव सांगितलं आणि सवयीनं गावाचंही सांगून टाकलं. मग लक्षात येऊन जीभ चावली. खोलीभर हसू पसरलं. एक जण म्हणाला, ‘मी पण पयल्या दिवशी तसाच सांगितलंय, वर आडनाव पण.’

ज्या ओळखीची भीती होती ती निघालीच. कोपऱ्यात त्यांच्या ओळखीचा बर्फवाला बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मान हलवली. बर्फवाला चार वर्षं येत होता आणि बंदरावर त्याची कोणाला कुणकुण नव्हती. मला वाटतं, या ओळखीनं माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा जास्त काम केलं. ज्याच्यापासून लपायचं तोही तिथे लपूनच आलेला होता.

शेवटी टोपी फिरली. दहा-वीस रुपये. पाहुणे म्हणून आमचे घेतले नाहीत.

हंगाम

ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात गेल्या. नव्या माणसाला ए. ए.त नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा असा सल्ला सर्रास देतात. आठवड्याला दोनच मीटिंगा, त्याही जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, आणि माणूस तीन-तीन दिवस समुद्रावर. काकांनी तो सल्ला बाजूला ठेवला आणि आपला हिशेब लावला: जमिनीवर असलास तर दिवेलागणीला फोन, समुद्रावर असलास तर त्याच वेळी इंजिनापाशी एकट्यानं दहा मिनिटं, आणि बोट लागल्यावर पहिला फोन मला, मालकाला दुसरा.

खरी गाठ बाटल्यांची होती. तांडेलांनी मालकाला सांगितलं की मी यापुढे वाटणार नाही. खलाशांना त्याचे पैसे द्या, ज्याला काय करायचं ते तो करील. मालक तयार झाला, त्याचा काही तोटा नव्हता. खलाशी तयार नव्हते. ‘तांडेल सुधारलो, म्हणान आमी सुकायचा?’ दोघं दुसऱ्या बोटीवर गेले. ऐन हंगामात दोन हात कमी पडणं ही लहान किंमत नाही, आणि ती तांडेलांच्या वाट्यातूनही गेली.

गुरुवारच्या मीटिंगसाठी बहिणीकडे मुक्काम करावा लागणार होता, म्हणजे मेहुण्यांना सांगणं आलं. तीन आठवडे टाळून एकदाचं सांगितलं. मेहुणे म्हणाले, ‘आमका कधीच म्हायत आसा.’ आणि अंथरूण घालायला सांगितलं.

राखण

दिवाळीनंतर घराण्याची राखण होती. राखणदाराला, म्हणजे घर-जमीन राखणाऱ्या दैवताला, कोंबडा आणि त्याच्या नावानं दारू, वर्षानुवर्षांची रीत. घरातल्या कर्त्यानं ती घालायची आणि उरलेली प्रसाद म्हणून फिरते. थोरला भाऊ आजारी, म्हणून या वर्षी कर्ते तांडेल. हे आम्हाला कोणालाच आधी सुचलं नाही. गटारीची तयारी केली होती, शिमग्याची मनात होती, राखणीचा विचार नव्हता, कारण ती आमच्या डोक्यात ‘दारू’ या खान्यात नव्हती, ‘देव’ या खान्यात होती.

ते प्याले. पुढे एकोणीस दिवस. काकांचा फोन रोज दिवेलागणीला यायचा, तांडेल उचलायचे नाहीत, काका दुसऱ्यांदा लावायचे नाहीत. रोज एक मिस्ड कॉल. विसाव्या दिवशी तांडेलांनी उचलला. या वेळी एकदम बंद करायचं नाही हे वहिनींना ठाऊक होतं. आधी डॉक्टर, घरीच पाच दिवस गोळ्या, मग मीटिंग. खोलीत कोणी काही विचारलं नाही. मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू झाली.

निष्पत्ती

हे लिहिताना त्या विसाव्या दिवसाला सतरा महिने झाले आहेत. तांडेल प्यालेले नाहीत. हात थरथरत नाही. रक्तदाब वाढलेला निघाला, त्याची गोळी चालू आहे. गेलेल्या दोन खलाशांपैकी एक परत आला.

मुलगा आता पुण्याला शिकतो. वडिलांशी फोनवर बोलतो, कामापुरतं. यात मीटिंगनं काही बदललं असं मी म्हणणार नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी आता मंगळवारी मीटिंग भरते. काका, बर्फवाला आणि तांडेल यांनी सुरू केली, एका शिकवणीच्या वर्गात. पहिले तीन मंगळवार तिघांखेरीज कोणी आलं नाही. तिघं एकमेकांना तेच अनुभव ऐकवून घरी गेले. चौथ्याला एक जण दारापर्यंत आला आणि परतला. आता सहा-सात जण असतात. मधे एका पुढाऱ्यानं उद्घाटन, बॅनर आणि खुर्च्या देऊ केल्या होत्या. बॅनरवर सगळ्यांचे फोटो टाकू म्हणाला. निनावी मंडळाच्या फोटोंचा बॅनर! बाहेरचा पैसा घ्यायचा नाही ही ए. ए.ची सातवी परंपरा तेव्हा फार उपयोगी पडली, कोणाला न दुखवता नाही म्हणता आलं.

वेगळं काय करता आलं असतं

नारळ ठेवण्याआधी कोणीतरी डॉक्टरला विचारायला हवं होतं, आणि हे घरच्यांना सुचणार नाही. आता मी गुरव, मानकरी आणि आशाताईंशी बोलून ठेवते: सकाळी उठल्यावर ज्याला प्यावी लागते, त्याला गाऱ्हाण्याआधी दवाखान्यात पाठवा. शपथेला कोणाचा विरोध नाही, चार दिवस पुढे-मागे झाल्यानं देव रागावत नाही, असं एका गुरवानंच सांगितलं. डॉक्टर हाताशी नसले तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ हे सरकारी फोन फुकट आहेत.

पत्ता देण्याआधी फोन लागलाच पाहिजे. वार आणि वेळ, मीटिंग खुली की बंद, आणि दारात कोण भेटेल, हे विचारल्याशिवाय मी आता कोणाला चिठ्ठी देत नाही. परतीची गाडी तर आधी बघते.

वहिनींना मी अल-अनॉनबद्दल सांगितलं ते सप्टेंबरात. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीची ही वेगळी मंडळी १९५१ पासून आहेत. जून ते सप्टेंबर वहिनी माझ्यासाठी फक्त निरोप आणणारी व्यक्ती होत्या. त्यांची झोप उडाली होती, त्या तांडेलांच्या खिशाचा, तोंडाचा वास घेत फिरत होत्या, आणि मी त्यांना विचारायची, ‘ते कसे आहेत?’ आता त्या आठवड्यातून एकदा फोनवरच्या मीटिंगला बसतात. विहिरीवर जातात. त्यांना कोणी ऐकलं तरी फरक पडत नाही म्हणे.

गोव्याचं मात्र ठरवता येत नाही. तांडेल अजून म्हणतात की पहिली मीटिंग गोव्यात झाली असती तर स्टँडवरची ती रात्र झाली नसती. तिथे पत्ता बरोबर असता की नाही कोण सांगणार. पण माणसाला लाज वाटते तिथून लांब जाऊ देणं आणि मग हळूहळू जवळ आणणं, हाही एक रस्ता होता, आणि मी तो भाड्याच्या हिशेबात बंद केला. पुढच्या वेळी निदान एकदा जाऊ देईन.

सध्या

शिकवणीचा वर्ग जूनपासून मिळणार नाही, मालकाला दुसऱ्या तुकडीसाठी हवा आहे. नवीन जागा शोधणं चालू आहे. एका शाळेनं अर्ज मागितलाय, त्यावर सगळ्यांची पूर्ण नावं हवीत. तांडेलांनी बंदरावरची जाळी सांधायची शेड सुचवली आहे. बंदीच्या दोन महिन्यांत ती रिकामीच असते, पावसात कोरडी राहते, भाडं नाही. पण तीन बाजूंनी उघडी आहे, आणि समोरून सगळं गाव येतं-जातं. बर्फवाल्याचा विरोध आहे. दोन नवीन आलेल्यांनी तर तिथे भरली तर येणार नाही असं सांगितलं. गेले दोन मंगळवार त्यावर बोलणं झालं, एकमत झालेलं नाही. येत्या मंगळवारी परत घेणार आहेत.